रक्तदाब आणि करोना : दोन समजुतींची पारख

मोठी साथ आली म्हणजे रोगाबरोबर समजुतीहि पसरतात. रोग ओसरतो, पण समजूत मात्र घरांत मुक्कामाला राहते. इ. स. २०२० मध्यें करोनाची साथ आपल्या देशांत आली, तेव्हां अशा दोन समजुतींनीं पुष्कळांच्या मनांत ठाण मांडलें. पहिली अशी कीं, ज्याला रक्तदाब आहे तो करोनानें इस्पितळांत गेला म्हणजे परत येत नाहीं. दुसरी अशी कीं, रक्तदाबाच्या गोळ्याच ह्या रोगाला शरीराचें दार उघडून देतात, सबब त्या बंद ठेवणें बरें. पहिलीनें मनुष्य घाबरा होतो, एवढेंच. दुसरीनें मात्र तो हातचें औषध टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं ह्या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. करोना त्यानंतरहि नाहींसा झाला नाहीं, आणि रक्तदाब तर घरोघरीं आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ह्या दोन्ही समजुती एकदां शांतपणें पारखून पाहाव्या, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय आकुंचन पावतें तेव्हां तें रक्त रोहिण्यांमध्यें ढकलतें. त्या वेळीं रोहिणीच्या भिंतीवर आंतून जो जोर पडतो, तोच रक्ताचा दाब. बागेंत पाणी घालण्याच्या रबरी नळीचें तोंड अंगठ्यानें दाबलें तर नळी कशी ताठ होते, हें सर्वांनीं पाहिलेंच आहे. रोहिण्या आंखडल्या किंवा कठीण झाल्या म्हणजे तसाच प्रकार शरीरांत होतो. इटलींतील रीवा-रोच्ची नांवाच्या वैद्यानें इ. स. १८९६ मध्यें दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या साह्यानें हा दाब मोजण्याची युक्ति काढली, आणि रशियांतील कोरोत्कॉफ ह्यानें इ. स. १९०५ मध्यें नळीनें नाडीचा आवाज ऐकून दोन्ही आंकडे ठरविण्याची रीत दाखविली. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावत असतांनाचा, खालचा तें विसावा घेत असतांनाचा. निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि वरचा आंकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक भरला, तर दाब वाढला आहे असें सामान्यतः समजतात. ह्या विकाराचा मोठा दुर्गुण असा कीं, तो बहुधा दुखत नाहीं. जगांतील अशा रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना आपणांस तो आहे हेंच ठाऊक नसतें.

आतां पहिली समजूत घेऊं. ती अगदींच निराधार नव्हती. चीनमधील वुहान शहरांतल्या दोन इस्पितळांतील १९१ करोना-रुग्णांची हकीकत मार्च २०२० मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १३७ जण बरे होऊन घरीं गेले व ५४ जण दगावले. बरे झालेल्यांत रक्तदाबाचे रोगी ३२, म्हणजे शेंकडा २३ होते. दगावलेल्यांत ते २६, म्हणजे शेंकडा ४८ होते. हें दुप्पट प्रमाण पाहून कोणीहि म्हणेल कीं, रक्तदाबानेंच हीं माणसें दगावलीं.

परंतु येथेंच विचारी मनुष्यानें क्षणभर थांबावें. समजा, त्याच इस्पितळांत कोणी केस पिकलेल्यांची गणना केली असती. दगावलेल्यांत पांढऱ्या केसांचीं माणसें खात्रीनें अधिक निघालीं असतीं. तेवढ्यावरून पांढरे केस प्राण घेतात असें ठरेल काय? आणि केसांना कलप लावल्यानें कोणाचा जीव वांचेल काय? केस पिकतात तेहि वयानें, आणि रोगाशीं झुंजण्याची शक्ति घटते तीहि वयानें. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकीं एक दुसरीचें कारण असलीच पाहिजे असें नाहीं. कधीं कधीं दोहोंच्या मागें तिसरीच गोष्ट उभी असते.

वुहानच्या त्याच हकीकतींत ही तिसरी गोष्ट स्पष्ट दिसते. रुग्णांना वयाच्या क्रमानें ओळींत उभें केलें, तर बरोबर मध्यें येणाऱ्याचें वय बरे झालेल्यांत ५२ वर्षें होतें, आणि दगावलेल्यांत ६९. रक्तदाब हा तर उतारवयाचा नित्याचा सोबती. तेव्हां दगावलेल्यांत रक्तदाबाचे रोगी अधिक असावे ह्यांत नवल तें काय? शिवाय मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडांचे विकार हेहि पुष्कळदां रक्तदाबाच्या जोडीनें राहतात. ह्या सर्वांचा हिशेब वेगवेगळा काढल्यावांचून रक्तदाबाच्या माथीं सगळा दोष मारणें न्यायाचें होणार नाहीं.

असा वेगळा हिशेब इंग्लंडांत झाला. तेथें केवळ इस्पितळांतील रुग्ण नव्हेत, तर सुमारें १ कोटि ७० लक्ष प्रौढ लोकांच्या वैद्यकीय नोंदी नांवें वगळून तपासण्यांत आल्या, व त्याचा वृत्तांत जुलै २०२० मध्यें ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत आला. पन्नाशी ते साठीच्या लोकांशीं तुलना करतां ऐंशींच्या पुढील लोकांस करोनानें मरण येण्याचा धोका वीसपटींहून अधिक होता. उलट, वय व लिंग हीं जमेस धरल्यावर रक्तदाबानें वाढणारा धोका शेंकडा सुमारें नऊ एवढाच उरला. आणि इतर विकारहि जमेस धरले तेव्हां तेवढाहि उरला नाहीं. ही मात्र सर्व वयांची मिळून सरासरी झाली. वयाप्रमाणें गट पाडून पाहिलें तेव्हां सत्तरीच्या आंतील लोकांत रक्तदाबाबरोबर धोका वाढलेला आढळला, आणि सत्तरीच्या पुढें तो दिसेनासा झाला.

ह्यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक, रक्तदाब म्हणजे करोनांत मृत्यूचें फर्मान नव्हे. वुहानमध्यें रक्तदाब असलेल्या ५८ रुग्णांपैकीं ३२ जण बरे होऊन घरीं गेलेच. दुसरा, रक्तदाब निरुपद्रवी आहे असेंहि कोणीं समजूं नये. वर्षानुवर्षें दुर्लक्षिलेल्या दाबानें हृदयाचे स्नायु जाड होतात, मूत्रपिंडें झिजतात, रोहिण्या कठीण होतात. करोनानें फुप्फुसें सुजून रक्तांतील प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे हृदयावर अधिकच भार येतो. आधींच थकलेल्या बैलास चढावर गाडी ओढावयास लावावी, तशी त्या हृदयाची स्थिति होते. म्हणून भ्यावयाचें तें रक्तदाबाच्या नांवाला नव्हे, तर त्याच्याकडे केलेल्या दुर्लक्षाला.

दुसरी समजूत गोळ्यांविषयींची. हिचा उगम मात्र शास्त्रज्ञांच्याच एका शंकेंत आहे. करोनाचा विषाणु पेशींत शिरतांना तिच्या पृष्ठभागावरील ‘एस-टू’ नांवाच्या प्रथिनास चिकटतो. तेंच त्याचें दार. रक्तदाबावरील रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन इत्यादि औषधें ज्या यंत्रणेवर चालतात, तिच्याशीं ह्या प्रथिनाचा संबंध आहे. प्राण्यांवरील कांहीं प्रयोगांत अशा औषधांनीं हें प्रथिन वाढलेलें दिसलें होतें. तेव्हां गोळी घेणाऱ्याच्या अंगांत विषाणूला दारें अधिक मिळत असतील काय, असा प्रश्न मार्च २०२० मध्यें विचारण्यांत आला. प्रश्न विचारणें हें शास्त्राचें कामच आहे. पण प्रश्न म्हणजे उत्तर नव्हे. युरोपांतील हृदयरोग-वैद्यांच्या संस्थेनें त्याच महिन्यांत बजावलें कीं, पुराव्यावांचून गोळ्या बंद करूं नयेत.

खरें उत्तर प्रयोगानेंच मिळावयाचें होतें, आणि तें ब्राझील देशांतून मिळालें. तेथील २९ इस्पितळांत दाखल झालेले व आधींपासून हीं औषधें घेणारे ६५९ करोना-रुग्ण निवडण्यांत आले. त्यांचा रोग सौम्य किंवा मध्यम होता. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, कोणाचीहि आवडनिवड न चालवितां, त्यांचे दोन गट केले. ३३४ जणांचीं तीं औषधें तीस दिवस थांबविलीं. ३२५ जणांचीं चालू ठेविलीं. अशा वांटणींत दोन्ही गटांचें वय, इतर विकार वगैरे सर्व जवळजवळ सारखें होतें, आणि मग फरक दिसलाच तर तो गोळीचाच म्हणतां येतो. जानेवारी २०२१ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. तीस दिवसांपैकीं इस्पितळाबाहेर जिवंत काढलेले दिवस, गोळी थांबविलेल्यांचे सरासरी २१·९ व चालू ठेवणाऱ्यांचे २२·९ भरले. मृत्यु दोन्ही गटांत नऊ-नऊ झाले. सात देशांतील १५२ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निकालहि असाच लागला. सारांश, गोळी थांबविल्यानें कांहींएक लाभ झाला नाहीं. दाराची शंका तर्कास धरून होती, पण अनुभवास उतरली नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आधींपासून घेत असलेली गोळी चालू ठेवणें वेगळें, आणि करोनावरील उपाय म्हणून तीच गोळी नव्यानें सुरू करणें वेगळें. अत्यवस्थ रुग्णांस हीं औषधें मुद्दाम देऊन पाहण्याचाहि प्रयोग झाला. २०२३ मध्यें त्याचा निकाल आला तो असा कीं, त्यानें गुण आला नाहींच, उलट अपायच झाला असावा. तसेंच इस्पितळांत रुग्णाचा दाब फार उतरला किंवा मूत्रपिंडें बिघडलीं, तर डॉक्टर स्वतः गोळी थांबवितात, आणि तें योग्यच असतें. पण तो निर्णय खाटेजवळ उभे राहून रुग्णास तपासणाऱ्या डॉक्टरांचा. ओसरीवर बसून ऐकीव गोष्ट सांगणाऱ्या शेजाऱ्याचा नव्हे. गोळी मनानें सोडली तर दाब निमूटपणें चढतो, आणि पक्षाघात किंवा हृदयविकार ज्या दिवशीं घाला घालतो, त्या दिवशींच तें घरच्यांस कळतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाचा दाब वर्षांतून एकदां तरी मोजवून घ्यावा. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत भारतांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३५ हून अधिक लोकांस हा विकार आढळला; म्हणजे तीन माणसांत एक धरावयास हरकत नाहीं. मीठ दिवसाकांठीं पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी असावें. लोणचें व पापड ह्यांतील मीठहि त्यांतच मोजावें. तंबाखू वर्ज्य करावी, रोज चालावें, आणि ठरलेली गोळी ठरलेल्या वेळीं घ्यावी.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडेहि एक काम आहे. वर्गांत तुम्ही शेंकडेवारीचीं उदाहरणें सोडवितां. तीच विद्या घरीं उपयोगास आणा. कोणी आंकडा सांगितला कीं दोन प्रश्न विचारा : हे किती जणांपैकीं, आणि त्यांचीं वयें काय? आणि आजीनें कोणाचेंसें ऐकून आपली गोळी उशाखालीं ठेवून दिलेली दिसली, तर तिच्याशीं वाद घालूं नका. पाण्याचा पेला भरून तिच्या हातीं द्या, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना तिची शंका त्यांना विचारावयास तिच्याबरोबर जा.