घरचा स्वयंपाक, चाळीस डबे

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : 'उद्या मसालेभात, मटकीची उसळ, श्रीखंड. घरगुती. ऑर्डर रात्री नऊपर्यंत.' नऊच्या आत चाळीस डबे ठरतात. रविवारी पहाटे ओट्यावर मोठे पातेले चढते, साडेआठला भात तयार होतो, पातेल्यावर झाकण पडते आणि डबे भरणे सुरू होते. शेवटचा डबा दीड वाजता घराबाहेर पडतो. भात शिजून तेव्हा पाच तास झालेले असतात.

'घरगुती' हा शब्द आपल्याकडे शुद्धतेच्या प्रमाणपत्रासारखा वापरला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. निवडलेले धान्य, ताजे तेल, मोजका मसाला हे सगळे खरे असते. पण चार माणसांचा स्वयंपाक दहापट केला की बदलते ते फक्त प्रमाण नव्हे. चौघांचा भात अर्ध्या तासात संपतो. चाळीस जणांच्या पातेल्यात मधला भात तासन् तास कोमट राहतो. न ढवळलेल्या भाताचा थर दुप्पट जाड झाला, तर तो मधोमध निवायला साधारण चौपट वेळ लागतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात आणि कोमट पातेले नेमके याच पट्ट्यात रेंगाळते.

भातात बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू असू शकतो. त्याची बीजे शिजवूनही मरत नाहीत. कोमटपणा मिळाला की ती रुजतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. मटणाच्या किंवा चिकनच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू असाच वाढतो. 'वाफ येईपर्यंत गरम केले होते' हे वाक्य उलट्या-जुलाबाचे रुग्ण आले की हमखास ऐकू येते, आणि ते बहुधा खरेही असते. उपाय साधा आहे. भात आणि रस्सा पसरट परातीत दोन इंचांच्या थरात निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर डबा हातात पडेपर्यंत कडकडीत गरम ठेवावा. अख्खे गरम पातेले घरच्या फ्रिजमध्ये कोंबले, तर आतले दूध-दहीही कोमट होते.

कायदा यात कुठे येतो? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्यात व्यवसायाची व्याख्या 'नफ्यासाठी असो वा नसो' अशी आहे. त्यामुळे 'आम्ही फक्त ओळखीच्यांनाच देतो' ही सबब चालत नाही. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली, शुल्क वर्षाला १०० रुपये. अर्ज ऑनलाइन होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. मात्र याच नियमांनुसार सात दिवसांत नोंदणी मिळाली नाही, नाकारली गेली नाही आणि तपासणीचा आदेशही आला नाही, तर अर्जदार काम सुरू करू शकतो. म्हणजे डब्यावरचा क्रमांक विक्रेता कोण आहे ते सांगतो. त्याचे स्वयंपाकघर कोणी पाहिले आहे, असे त्यावरून गृहीत धरू नये.

खरे काम नियमांच्या चौथ्या परिशिष्टात आहे आणि ते फार थोडे जण वाचतात. पिण्यायोग्य पाणी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, कापलेली नखे या गोष्टी कुणालाही पटतात. पण तिथेच असेही म्हटले आहे की संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाने अन्न हाताळू नये आणि हातावरची जखम कायम झाकलेली असावी, तिचा अन्नाशी थेट संबंध येऊ नये. विळीवर बोट कापणे ही आपल्या स्वयंपाकघरातली रोजची गोष्ट. त्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस असतो. श्रीखंडाला किंवा पुरणाला तो हात लागला आणि ते बाहेर राहिले, तर खाणाऱ्याला एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. याचेही विष उष्णतेला दाद देत नाही.

आणि इथेच पेच आहे. चाळीस डब्यांची आगाऊ रक्कम आली आहे, भाजी आणली आहे, मुलाच्या क्लासची फी त्यातूनच भरायची आहे, आणि शनिवारी रात्री स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाच जुलाब सुरू होतात. अशा वेळी शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, हा वैद्यकीय सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला महाग. तो पाळता यावा म्हणून आधीपासूनच दुसऱ्या कुणाशी बोलून ठेवणे, ऑर्डर घेतानाच 'आजारपणात रद्द होईल, पैसे परत' असे लिहिणे, हा शहाणपणाचा मार्ग. ग्राहकांनीही असा रद्द झालेला डबा पाहून तोंड वाकडे करू नये.

ज्यांना हा व्यवसाय नव्याने सुरू करायचा आहे, त्यांनी कोरड्या पदार्थांपासून सुरुवात करावी. चकली, शंकरपाळे, चिवडा यांत पाणी इतके कमी असते की जंतू वाढू शकत नाहीत. फार तर ते खवट होतात आणि जीभ लगेच सांगते. ओल्या नारळाची करंजी, पुरणपोळी, खव्याचे पदार्थ यांचे तसे नाही. त्यांवर अंदाजाने 'पंधरा दिवस टिकेल' असे लिहिणे घातक आहे. पाकिटावर घटक लिहिताना शेंगदाणे, दूध, गहू, काजू-बदाम ठळक लिहावेत. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्याच्या जिवाचा तो प्रश्न असतो. आणि भजी वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, अगदी या पानातही नाही. छपाईची शाई तेलात उतरते.

डब्यावर अन्न शिजवल्याची वेळही लिहावी. दीडला आलेला डबा अर्धा खाऊन उरलेला ओट्यावर ठेवला आणि रात्री नऊला संपवला, तर मधले साडेसात तास ग्राहकाच्या घरातले असतात.