भालकीचे मराठी आणि आपले नाक

जेन ऑस्टेनबाईंची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. तीत डार्सी नावाचा गर्भश्रीमंत तरुण मेरिटन या लहान गावच्या नाचाच्या बैठकीला येतो, आणि इथे आपल्या बरोबरीचे कोणी नाही असे पहिल्या घटकेतच ठरवून टाकतो. त्याच कादंबरीतल्या बिंगलेभगिनी नायिकेचे मामा लंडनच्या व्यापारी वस्तीत राहतात म्हणून हसतात. वास्तविक त्यांची स्वतःची दौलत व्यापारातूनच आलेली असते! थट्टेची खरी गंमत इथे आहे.

इंग्रजांच्या या रीतीला आपण हसावे, तर आपल्या घरी काय चालले आहे? पुणेकर कोल्हापूरच्या बोलीला रांगडी म्हणतो. आपल्याला ते झोंबते. पण बिदर-कलबुर्गीकडचा मराठी माणूस भेटला, की आपणही तेच नाक वर करतो.

माझ्या गायनवर्गात भालकीकडचा एक मुलगा येतो. तो ‘मी जाऊलालो’, ‘काय करूलालास’ असे म्हणाला की बाकीची मुले खुदकन हसतात. मुलीला सोडायला आलेल्या एका घरंदाज बाईंनी तर त्याच्या देखतच विचारले, ‘मास्तर, हा मुलगा कानडी आहे का हो?’ तो तंबोरा जुळवीत बसला होता. त्या दिवसापासून तो गाण्यापुरतेच तोंड उघडतो.

आता ‘जाऊलालो’ म्हणजे काय? ‘जाऊ लागलो’ हेच की. आपण कोल्हापूरकर ‘जेवालोय’ म्हणतो, ते ‘जेवायला लागलोय’. म्हणजे ‘लागणे’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे झिजून राहिले आहे. ते आपल्या तोंडी आले की ठसका, आणि त्याच्या तोंडी आले की अशुद्ध, हा न्याय कुठला?

ज्या मुलखाला आपण आडबाजूचा म्हणतो, त्याच्याकडे जरा पाहावे. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. आपल्या ओवीची ही जुनी साक्ष पुण्याने दिली नाही की कोल्हापुराने नाही. ती कल्याणीने दिली.

नृसिंहवाडीचे आपले दैवत पुढे राहिले ते गाणगापूरला, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यात. ज्या ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह आपल्या घरोघर होतात, त्याच्या कर्त्याची, सरस्वती गंगाधरांची, मातृभाषा कानडी होती असे अभ्यासक मानतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीतही पदे रचीत. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या संगीत दरबाराचे नाव माझे वडील, स्वतः दरबारी गवई असूनही, कानाची पाळी धरून घेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगे आपल्याकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद पलीकडे राहिले. तेव्हापासून तिकडची कचेरी कानडीत, बाजार दोन-तीन भाषांत, आणि मराठी मुख्यतः घरात, भजनात आणि थोड्या शाळांत. कोणी शाबासकी देत नसताना त्या घरांनी ती सांभाळली आहे. तिकडे तो मुलगा ‘मराठीवाला’. इकडे यावे तर आपण त्याला कानडी ठरवतो. मग त्याने ही भाषा आपली म्हणून धरून ठेवावी ती कोणाच्या भरवशावर?

सीमेपलीकडची मराठी ओसरते आहे, अशी हळहळ आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. ती ओसरण्याची कारणे सरकारदरबारी पुष्कळ सापडतील. पण आपल्या दिवाणखान्यातले हसू हेही त्यातलेच एक आहे, आणि ते आवरण्यास कोणत्याही आयोगाची गरज नाही.