पंच्याऐंशी मिनिटांचं मालवण

‘विमानान इलंस मां? मगे इतको येळ खंय लागलो?’

मालवणच्या घरी, खळ्यात बसलेल्या आतेने विचारलं तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरातली ही गोष्ट. वेळापत्रकात मुंबई ते चिपी १ तास २५ मिनिटं. मी मात्र बोरिवलीचं घर सकाळी आठलाच सोडलं होतं.

बँकेत उभी नोकरी काढलेला मी माणूस. ताळा लागल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबई ते चिपी सरळ रेषेत अंतर सुमारे ३५० किलोमीटर. ७० आसनांचं पंख्यांचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे ४२ मिनिटं पुरेत. मग उरलेली? वेळापत्रकातला वेळ विमान जागचं हलल्यापासून मुक्कामी उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टी गाठणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं, सारं त्यात आलं. बोरिवली ते विमानतळ आणि चिपी ते मालवण मात्र त्याच्या बाहेर. चिपी मालवणहून सरळ रेषेत दहाएक किलोमीटर, पण मध्ये कर्ली नदी. पुलाकडून वळसा घालावाच लागतो.

आतेला हे सांगितलं. ती हसली. तिच्या लहानपणी मुंबईची आगबोट बंदराबाहेर दूर उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. ‘शेवटचां पाणीच लांब, रे,’ ती म्हणाली.

पुढे ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. चिपी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटर. विमानाला पाच-सहा मिनिटांचा पल्ला. तेवढ्यासाठी कोणी विमान उडवत नाही. बांदा-सावंतवाडीकरांना मोपा हाताशी, शिवाय तिथे विमानं जास्त आणि मोठी. चिपीची मुंबई सेवा ‘उडान’ योजनेतली. कमी उतारूंच्या मार्गावरचा तोटा या योजनेत तीन वर्षं सरकार भरून देतं. मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते विमान थांबलं. बँकेत अनुदानाची कर्जं मीही पुष्कळ वाटली. अनुदान असेतो गोठ्यात म्हैस असते. नंतर नुसती दावण दिसते.

त्यानंतर महिन्याभरातच, रात्री दहाला पुतण्याचा फोन आला. ‘काका, आजयेचा काय खरां नाय.’

पहाटेच्या मोपाच्या विमानात जागा मिळाली. विमान वेळेवर सुटलं, वेळेआधी उतरलं. मग गाडीने बांदा, सावंतवाडी, कुडाळ. दोन तास मी घड्याळाकडे बघत होतो. पोचलो तेव्हा खळ्यात माणसं जमली होती.

दोन विमानतळांमधलं अंतर नकाशा सांगतो, मिनिटं वेळापत्रक सांगतं. दूरगावी आई-बाप, आत्या-मावश्या ठेवून आलेल्या माणसाला मात्र विचारायचं असतं ते एवढंच, की उद्या हाक आली तर विमान असेल ना? पंच्याऐंशी मिनिटांची किंमत त्या खात्रीवर ठरते.

त्या दिवशी विमान कुठेच चुकलं नाही. शेवटचं पाणी तेवढं लांब पडलं.