विभागीय चौकशीचे कागद आणि माहितीचा अधिकार : गैरसमज व वस्तुस्थिती

गिरगाव, दादर वा परळमधील एखाद्या सरकारी किंवा पालिकेच्या कार्यालयात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवून कोणी नागरिक अमुक कर्मचाऱ्यावर झालेल्या कारवाईची प्रत मागतो, तेव्हा त्याला मिळणारे उत्तर बहुधा एकाच साच्यातले असते: सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 8(1)(ञ) अन्वये देता येत नाही. या एका वाक्याभोवती परस्परविरोधी असे दोन समज रूढ झाले आहेत. कर्मचारी जनतेच्या पैशावर पगार घेतो, म्हणून त्याच्यावरील कारवाईचा प्रत्येक कागद जनतेचा, असे अर्जदार मानतो. तर कायद्याने हे सारे कायमचे गोपनीय केले आहे, असे कार्यालय मानते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, कारण उत्तर ठरते ते कोणता कागद, कोणत्या कार्यालयाकडून, कोणी आणि किती वर्षांनंतर मागितला यावर.

'कारवाई' या सैल शब्दाखाली निरनिराळे कागद एकत्र येतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 हे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू आहेत. मुंबई महानगरपालिकेचे नियम स्वतंत्र आहेत, पण कागदांचा क्रम साधारण तोच असतो. आधी कारणे दाखवा नोटीस किंवा ज्ञापन, मग दोषारोपपत्र म्हणजे आरोपांचे लेखी विवरण, मग चौकशी अधिकाऱ्यापुढील साक्षी आणि त्याचा अहवाल, आणि शेवटी शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या वरिष्ठाचा, अंतिम आदेश. ठपका ठेवणे आणि वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा मानल्या जातात, तर पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती आणि बडतर्फी या जबर शिक्षा. निलंबनाचा समावेश मात्र शिक्षांमध्ये होत नाही, कारण ती चौकशी चालू असतानाची तात्पुरती व्यवस्था आहे. एखाद्याला निलंबित केल्याची बातमी वाचून त्याला शिक्षा झाली असे म्हणणे हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज असावा.

पहिला समज मोडला तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात. अकोल्यातील भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याला दिलेली ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश, तसेच त्याच्या मालमत्तेचा तपशील 2008 मध्ये मागण्यात आला. केंद्रीय माहिती आयोग आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ यांच्याकडून नकार मिळाल्यानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि 3 ऑक्टोबर 2012 रोजी 'गिरीश रामचंद्र देशपांडे' निकाल लागला. कर्मचाऱ्याची सेवेतील कामगिरी ही प्रामुख्याने तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातील बाब असून असे कागद वैयक्तिक माहितीत मोडतात, असे न्यायालयाने ठरवले. पगार हा मात्र वेगळा मुद्दा आहे. प्रत्येक अधिकारी व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावे असे कलम 4 सांगते, त्यामुळे त्यासाठी अर्ज करण्याचीही गरज पडू नये.

या निकालाने दार कायमचे बंद झाले, हा दुसरा समज कार्यालयांना सोयीचा असला तरी निकालातच त्याचे खंडन आहे. व्यापक जनहित असल्याची खात्री पटल्यास जन माहिती अधिकारी किंवा अपिलीय अधिकारी माहिती देण्याचा आदेश करू शकतात, फक्त अर्जदाराला ती हक्क म्हणून मागता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 13 नोव्हेंबर 2019 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही शिस्तभंगाच्या कारवाईची गणना वैयक्तिक माहितीत केली, पण खासगीपणा आणि जनहित यांचे वजन प्रत्येक प्रकरणात तोलावे लागते हे तत्त्व कायम ठेवले. माजी केंद्रीय माहिती आयुक्त आणि मुंबईकर शैलेश गांधी यांनी 2012 च्या निकालावर सातत्याने टीका केली आहे. त्या टीकेशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. पण निकालातील पहिले वाक्य उद्धृत करून दुसरे गाळण्याची जी सवय कार्यालयांना जडली आहे, तिचे समर्थन करता येणार नाही.

या वादाची जमीनच आता बदलली आहे. मूळ (ञ) खंडात माहिती रोखण्यासाठी ती वैयक्तिक असणे पुरेसे नव्हते. तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसणे किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होणे यांपैकी काही तरी दाखवावे लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 44(3) ने या अटी काढून केवळ वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती एवढेच शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ही दुरुस्ती अंमलात आली. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारू नये, हे या खंडाखालचे प्रसिद्ध परंतुकही नव्या शब्दरचनेत दिसत नाही. तरीही आता काहीच मिळणार नाही हा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण कलम 8(2) ला हात लागलेला नाही. माहिती उघड करण्यातील जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर कोणतीही सूट आड न येऊ देता माहिती देण्याची मुभा ते कलम देते. याच काळात जगात उलट दिशेनेही पावले पडली आहेत. पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकणारे आपले '50-अ' हे कलम न्यूयॉर्क राज्याने जून 2020 मध्ये रद्द केले.

चौकशी चालू असल्यामुळे काहीच देता येत नाही, हे उत्तरही अपुरे आहे. कलम 8(1)(ज) नुसार माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते. तपास चालू असणे हेच कारण पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले. त्याचप्रमाणे त्रयस्थ पक्षाने, म्हणजे ज्याच्याविषयी माहिती आहे त्याने, हरकत घेतली की विषय संपला, असेही नाही. कलम 11 प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस द्यायची, त्याने दहा दिवसांत म्हणणे मांडायचे आणि निर्णय जन माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा. कर्मचाऱ्याचे म्हणणे विचारात घ्यावे लागते, परंतु त्याला नकाराधिकार नाही.

अर्जाच्या शब्दांवर बरेच अवलंबून असते. अमुक लिपिकाला शिक्षा का झाली नाही, हा प्रश्न या कायद्यात बसतच नाही. 'का' चे उत्तर ही माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 3 एप्रिल 2008 रोजी ठरवले. याउलट मागील पाच वर्षांत कार्यालयात किती विभागीय चौकश्या सुरू झाल्या, किती प्रलंबित आहेत आणि कोणत्या प्रकारच्या किती शिक्षा झाल्या, हे नावांशिवाय मागितले तर ते कारभाराचे वर्णन होते, व्यक्तीचे नव्हे. कलम 10 प्रमाणे नाव, पत्ता आणि कुटुंबाचा तपशील काळ्या शाईने झाकून उरलेला आदेशही देता येतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे रागाचा मजकूर वगळला तर अर्जदाराचेच शब्द वाचतात.

स्वतःचेच कागद मागणाऱ्याला मात्र खासगीपणाची सबब सांगता येत नाही. गोपनीय अहवालातील शेरे संबंधित कर्मचाऱ्याला कळवलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये 'देव दत्त' निकालात सांगितले. लैंगिक छळाच्या तक्रारींची स्थिती अगदी वेगळी आहे. 2013 च्या कायद्याचे कलम 16 माहितीच्या अधिकारालाही बाजूला सारून तक्रार, चौकशी आणि शिफारशी जाहीर करण्यास मनाई करते. पीडितेला मिळालेल्या न्यायाची माहिती ओळख उघड न करता देता येते, एवढीच सवलत आहे, आणि ती योग्यच आहे.

गिरणगावात आणखी एक समज आढळतो, तो म्हणजे गिरणीत झालेल्या बडतर्फीचा कागद माहितीच्या अधिकारात मिळतो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेल्या गिरण्यांबाबत तसा अर्ज करता येतो, कारण ते सार्वजनिक प्राधिकरण आहे. खासगी मालकाकडे मात्र थेट अर्ज करता येत नाही. खासगी संस्थेची जी माहिती एखाद्या कायद्यान्वये सरकारी कार्यालयाला मिळवता येते, तेवढी त्या कार्यालयाकडे मागता येते. गंमत अशी की कर्मचाऱ्याने शिक्षेला आव्हान दिले की झाकलेला तपशील आपोआप उघड होतो. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आणि कामगारांसाठी कामगार व औद्योगिक न्यायालये आहेत. त्यांच्या निकालपत्रांत आरोप, चौकशीतील त्रुटी आणि शिक्षा हे सारे नावासकट लिहिलेले असते.

सर्वांत कमी वापरले जाते ते कलम 8(3). अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षे आधी घडलेल्या बाबींना देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद या तीन सुटी सोडल्यास बाकीच्या, म्हणजे (ञ) सुद्धा, लागू होत नाहीत. अट एवढीच की कागद शिल्लक हवा. तो नष्ट केला असे उत्तर आले तर अर्जदाराने अभिलेखाची वर्गवारी, जतनाची मुदत आणि नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागावी, आणि तेही न मिळाल्यास वीस रुपयांचे तिकीट लावून तीस दिवसांच्या आत पहिले अपील दाखल करावे.