दोन देश, दोन कायदे आणि एक लेकरू

सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरातील मुलगी विवाहानंतर परदेशी जाते, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिक्षण, नोकरी आणि व्यापार यांच्या निमित्ताने समाज अँटवर्प, दुबई, लंडन, न्यू जर्सीपर्यंत पोहोचला आहे. विवाह गावी, संसार समुद्रापलीकडे आणि लेकरांचा जन्म तिसऱ्याच देशात, अशीही कुटुंबे आढळतात. सुखाच्या दिवसांत कायदा कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु विवाहाचा दाखला परदेशी कचेरीत सादर करावयाचा असतो, नात्यातील मूल दत्तक घ्यावयाचे असते किंवा दुर्दैवाने संसार मोडतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो : येथे कोणत्या देशाचा कायदा चालणार?

विवाह, घटस्फोट, दत्तक, वारसा, करार या व्यक्तिव्यक्तींमधील व्यवहारांच्या कायद्यास खासगी कायदा म्हणतात. तो प्रत्येक देशात निराळा आहे. भारतातील जैनांच्या विवाहास 1955 चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून, दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात मान्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली स्पष्ट केले. परिणामी एकच जोडपे एका देशात विभक्त आणि दुसऱ्या देशात विवाहित ठरू शकते.

हेगचा मार्ग

या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी डच कायदेपंडित टोबियास ॲसर यांच्या पुढाकाराने 1893 साली हेग येथे युरोपीय राष्ट्रांची पहिली परिषद भरली. या कार्यासाठी ॲसर यांना 1911 च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे 1955 मध्ये परिषदेस कायमस्वरूपी संस्थेचे रूप आले आणि 2008 मध्ये भारत तिचा सदस्य झाला.

सर्व जगाला एकच विवाह-कायदा लावावा, असा हट्ट या परिषदेने धरला नाही. प्रत्येक राष्ट्राचा कायदा त्याच्या परंपरेतून आलेला आहे, हे मान्य करून तिने एवढेच विचारले : कोणता वाद कोणत्या न्यायालयाने ऐकावा, आणि एका देशाचा निर्णय दुसऱ्याने केव्हा मानावा? अनेकांतदृष्टीचे संस्कार असलेल्या वाचकास या भूमिकेतील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दाखला आणि दत्तक

या प्रयत्नांचे सर्वांत परिचित फळ म्हणजे ‘अपोस्टिल’. 1961 च्या करारानुसार सदस्य-देशाने दस्तऐवजावर एक ठरावीक प्रमाणपत्र जोडले, की दूतावासांचे हेलपाटे वाचतात. भारतात ही सोय 2005 पासून आहे. राज्य पातळीवरील पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालय हे प्रमाणपत्र देते. मात्र ते सर्वत्र चालते असे नाही. जर्मनीने भारताच्या प्रवेशास हरकत घेतलेली असल्याने तेथे ते पुरेसे ठरत नाही. म्हणून कागद पाठविण्यापूर्वी त्या देशाचा नियम विचारून घ्यावा.

दत्तकाविषयीचा हेग करार 1993 चा असून भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. मुलाला प्रथम स्वदेशात घर मिळावे, त्याच्या नावाखाली कोणी पैसा कमावू नये आणि दोन्ही देशांच्या अधिकृत यंत्रणांनी संमती द्यावी, ही त्याची सूत्रे होत. परदेशस्थ भावाला बहिणीचे मूल दत्तक द्यावयाचे असेल, तर घरगुती समारंभ आणि दत्तकपत्र एवढ्यावर भागत नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास मूल कागदोपत्री दत्तक, पण प्रत्यक्षात व्हिसावाचून आजोळीच, अशी अवस्था होते.

सर्वांत नाजूक प्रश्न

आई-वडिलांचे पटेनासे झाले आणि एकाने मुलाला घेऊन दुसरा देश गाठला, तर काय? 1980 चा हेग करार सांगतो की सोळा वर्षांखालील मुलास त्याच्या नित्य वास्तव्याच्या देशात त्वरेने परत पाठवावे. ताबा कोणाकडे, हे तेथील न्यायालयाने ठरवावे. मुलास गंभीर धोका असेल, तर परत पाठविण्यास नकार देता येतो. शंभराहून अधिक देशांनी हा करार स्वीकारला आहे. भारत त्यात नाही.

भारताच्या या संकोचामागे कारण आहे. छळाला कंटाळून लेकरासह माहेरी आलेल्या स्त्रीला पुन्हा त्याच देशात जाण्यास भाग पडेल, ही ती भीती होय. अनोळखी देशात, उत्पन्न नसताना तिने न्यायालयात उभे कसे राहावे? पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पती मुलाला घेऊन भारतात निघून आला आणि आई परदेशात एकटी राहिली, तर तिच्या हाती कराराचे साधन उरत नाही. विधी आयोगाने 2009 साली, आपल्या 218 व्या अहवालात, करारात सामील होण्याची शिफारस केली होती. आज भारतीय न्यायालये प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासतात. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक घटक असला, तरी मुलाचे हित सर्वोपरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली पुन्हा सांगितले. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु निकाल लागेपर्यंत वर्षे जातात आणि लेकरू तेवढ्यात एका पालकाचा चेहरा विसरू लागते.

राष्ट्रे निर्णय घेतील तेव्हा घेतील; कुटुंबांना मात्र आजच सावध राहता येते. विवाहाची नोंदणी वेळेवर करावी. मुलीच्या व नातवंडांच्या कागदपत्रांच्या प्रती माहेरीही असाव्यात. मतभेद वाढल्यास विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही देशांतील वकिलांचा सल्ला घ्यावा. मात्र जिवाला धोका असेल, तर प्रथम तेथील पोलीस आणि भारतीय दूतावास यांच्याकडे धाव घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या पक्षाची बाजू घेऊन पासपोर्ट लपविण्याचा सल्ला देऊ नये. दोघांना समोरासमोर बसवावे. कोणत्याही जिवाला दुखवू नये, ही शिकवण ज्या घरात लहानपणापासून कानी पडते, तेथे भांडणाचा घाव लेकरावर पडू न देणे हे मोठ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.