वाळवीची चाहूल आणि शाळेचे दप्तर

गावच्या शाळेतील जुन्या जनरल रजिस्टराचे मोल कागदाच्या किमतीवरून ठरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदवहीवरून दिला जातो व जन्मतारखेचा आणि जातीचा पुरावा म्हणून तो पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो. जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १९६७ या सालांपूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व असते. आजोबांच्या नावाची एक ओळ नातवाच्या कामी येते. अशा वहीची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. म्हणून वाळवीची चाहूल वेळीच ओळखणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग होय.

वाळवीला पुष्कळ ठिकाणी पांढरी मुंगी म्हणत असले, तरी ती मुंगीच्या कुळातील नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. लाकूड, कागद, सुती कापड व गवत यांतील काष्ठद्रव्य हे तिचे अन्न. कामकरी वाळवीचे अंग मऊ असते. उघड्या कोरड्या हवेत ते लवकर सुकते, म्हणून ती प्रकाश टाळून झाकलेल्या वाटेनेच हिंडते. याच कारणाने ती स्वतः क्वचितच दृष्टीस पडते. तिच्या खुणा मात्र दिसतात. त्या पुढीलप्रमाणे :

(१) मातीच्या नळ्या : जमिनीपासून भिंतीवर, चौकटीवर किंवा कपाटाच्या पाठीवर चढत गेलेली, साधारण पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ ही सर्वांत स्पष्ट खूण. ती एकदम झाडून टाकू नये. प्रथम ती कोठून निघते व कोठे पोहोचते ते पाहावे. नंतर मधला बोटभर भाग मोडावा. चार-आठ दिवसांत तो पुन्हा बांधला गेल्यास वाळवी नांदती आहे हे निश्चित. न बांधल्यास ती गेलीच असे मानू नये. तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

(२) पोकळ लाकूड : वाळवी लाकूड आतून खाते व वरचा पापुद्रा तसाच ठेवते. उंबरा, चौकट व तुळई बोटाने ठोकून पाहावी. बद्द किंवा पोकळ आवाज आल्यास चाकूचे टोक हलकेच दाबावे. ते सहज आत गेले व आत माती आढळली, तर शंका उरत नाही. लाकडावर बारीक गोल छिद्रे असून खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर ते काम बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे असते.

(३) गळलेले पंख : पहिल्या पावसानंतर सायंकाळी पंखधारी वाळवी दिव्याभोवती जमते व पंख टाकून देते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात व कंबर बारीक नसते. उडत्या मुंगीचे पुढचे पंख मोठे असून कंबर अगदी बारीक असते. बाहेरून दिव्यावर आलेल्या वाळवीने घाबरण्याचे कारण नाही. ती खोलीतील भेगेतून किंवा चौकटीतून बाहेर पडताना दिसली, तर तिचे वास्तव्य इमारतीतच किंवा अगदी लगत आहे असे समजावे.

(४) चिकटलेली पाने : गठ्ठ्यातील तळाची व भिंतीला टेकलेली वही बहुधा प्रथम खाल्ली जाते. वरचे पुठ्ठे शाबूत दिसतात, पण पाने मातीने चिकटलेली असतात. म्हणून वह्या नुसत्या मोजू नयेत, उघडून पाहाव्यात.

लोखंडी कपाट वाळवी खात नाही. परंतु त्यावरून नळी बांधून फटीतून आत शिरते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. जुनी पुस्तके जमिनीवर खोक्यांत रचू नयेत. गळके छप्पर, टाकीखालची ओल, जोत्याला लागून पडलेली माती व भिंतीलगत रचलेले सरपण ही वाळवीला आमंत्रणेच होत.

प्रादुर्भाव आढळल्यास बाधित वह्या वेगळ्या करून सावलीत सुकवाव्यात, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. फाटका तुकडाही टाकून देऊ नये. त्यावर एखाद्याचे नाव असू शकते. रॉकेल शिंपडल्याने दिसणारी वाळवी मरते, पण जमिनीखालील राणी अंडी घालीतच राहते. जोत्यालगतच्या मातीवर औषधोपचार करणे हे परवानाधारक माणसाचे काम असून ते सुटीतच करवून घ्यावे. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. पावडर १९९७ पासून बंद आहे. तिचा जुना साठा कोणी देऊ केल्यास तो स्वीकारू नये. पोषण आहाराचे धान्य जेथे असते, तेथे कोणतेही विष स्वतःच्या हाताने टाकू नये.

महिन्यातून एकदा दप्तराची पाहणी करून तारीख लिहून ठेवावी. परिसर अभ्यासाच्या तासाला या खुणा मुलांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. मुले घरी जाऊन उंबरा ठोकून पाहतील, पेटीतील सातबारा व दाखले उघडून बघण्यास वडीलधाऱ्यांना सांगतील. अशा रीतीने शाळेच्या दप्तराबरोबर गावातील घरांचे कागदही सुरक्षित राहतील.