धाप दोघांना, विसावा एकालाच

पारनेर तालुक्यातील एक शेतकरी जोडपे अनेक वर्षांपासून माझ्या दवाखान्यात येते. बाबांना तीस वर्षे विडीचे व्यसन. चार पावले चालले की धाप लागे, सकाळी खोकल्याबरोबर बेडका पडे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हे निदान मी लगेच केले आणि पंप सुरू केला. सोबत येणाऱ्या आजीही खोकत असत. त्यांनी दम लागतो म्हटले, तेव्हा मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पुढे कधी "वय झाले", तर कधी "काळजी करता" असे सांगून बोळवण केली. त्यांनी विडीला कधी हात लावला नव्हता, म्हणून हा आजार माझ्या मनातच आला नाही. चार वर्षांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची तपासणी करवून घेतली, तेव्हा त्यांची फुप्फुसे बाबांपेक्षाही अधिक खराब निघाली. ही चूक माझी होती.

अशी चूक इतरत्रही होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत डॉक्टरांपुढे एकाच रुग्णाची माहिती ठेवली. काहींना तो पुरुष आहे असे सांगितले, काहींना स्त्री. पुरुष समजणाऱ्या डॉक्टरांनी सीओपीडीचे निदान अधिक वेळा केले. स्पायरोमेट्रीचा अहवाल दाखवल्यावर हा फरक कमी झाला.

विडी नाही, मग आजार कशाने? चुलीने. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते, की फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे हृदयावर ताण येण्याचा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा लवकर आढळतो. त्यांनी स्वयंपाकाच्या धुराकडे बोट दाखवले होते. त्यातच स्त्रीच्या श्वासनलिका पुरुषापेक्षा लहान असतात, त्यामुळे तेवढ्याच धुराने तिला अधिक इजा होते.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगावी सिलिंडर पोहोचले. पण पुष्कळ घरांत गॅस चहापुरता असतो. भाकरी आणि अंघोळीचे पाणी पऱ्हाट्या-गोवऱ्यांवरच होते. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कोपीपुढे तर तीन दगडांची चूल असते. मिसरी भाजतानाचा धूरही छातीतच जातो.

आजार एकच, पण तो सोसण्याची तऱ्हा वेगळी. बाबांना धाप लागली की ते ओट्यावर बसतात आणि चहा हातात येतो. आजींना धाप लागली तरी त्या चुलीपुढेच बसतात, म्हणजे ज्याने आजार दिला त्याच्याच पुढे. पुरुष खोकला-बेडक्याची तक्रार करतो. स्त्री "थकवा येतो, जीव घाबरा होतो" असे सांगते आणि तिला टॉनिक मिळते. या आजारात स्त्रियांना उदासीनता आणि हाडांची झीज यांचा त्रासही अधिक होतो.

वाचकहो, घरातील बाई दोन महिन्यांहून अधिक काळ खोकत असेल, पाण्याची कळशी आणताना थांबत असेल, तर "वयामुळे" म्हणून सोडू नका. आधी थुंकी तपासून क्षयरोग नाही याची खात्री करा, मग स्पायरोमेट्री करवून घ्या. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. त्यातून औषध अल्प मात्रेत थेट छातीत जाते. पंप ओढण्याची रीत मात्र डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. घरात कोणी विडी ओढत असेल तर ती सुटलीच पाहिजे. निदान भाकरी तरी गॅसवर करा. ते जमत नसेल तर चूल उघड्यावर न्या, स्वयंपाकघराला धुरांडे ठेवा.

खराब झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, पण उरलेले वाचवता येते. त्यासाठी पंपाइतकीच गरज आहे ती तिला चुलीपुढून उठवणाऱ्या हाताची. तो हात मुलाचा असो, सुनेचा असो किंवा ओट्यावर बसलेल्या बाबांचा.